नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी: शेवाळ खाणारे जीव निवडण्यापासून रुळेपर्यंत

नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मोजकेच. शेवाळ वाढलं की जवळपास विचारायला कोणी नसतं, आणि विक्रेत्याला फोन केला की एकच उत्तर येतं: "क्लीनअप क्रूचं पॅकेज आहे ना भाऊ, टाकून द्या." पॅकेज म्हणजे वीस-तीस गोगलगायी, जवळजवळ तितकेच हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) आणि वर एखादा स्टारफिश. ऑगस्ट 2024 ते जून 2025 या काळात पॅकेज बाजूला ठेवून एकेक जीव कसा निवडला, कसा आणला आणि त्याला किती खर्च आला, ते क्रमाने लिहितो आहे. परदेशी याद्या वाचून गोंधळलेल्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

टाकी 36 × 18 × 18 इंचाची. कागदावर 191 लिटर, पण रेती आणि दगड घातल्यावर पाणी साधारण 160 लिटरच उरतं. जीवांची संख्या ठरवताना हाच दुसरा आकडा धरायचा. दगड कृत्रिम, कोरडे घेतले. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' (जीव चिकटलेला प्रवाळाचा दगड) कोणी देऊ केला तरी घेऊ नये, त्याचं कारण पुढे येईल. टाकी जुनी घेणार असाल तर आधीच्या मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: यात कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या रोगावर तांबं चालतं, पण गोगलगायी, खेकडे, झिंगे आणि अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) त्याच्या अगदी थोड्या अंशानेही मरतात. दगड आणि रेती तांबं शोषून घेतात आणि नंतर ते हळूहळू सोडत राहतात.

ऑगस्टमध्ये पाण्यापासून सुरुवात झाली. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी गोड लागतं म्हणून ते टाकीला चालेल असं वाटतं. पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि मीटरवर 50 ते 100 असा आकडा दिसतो. टाकीसाठी कंट्रोलर पूर्ण बंद करून पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचा) एक डबा जोडावा लागतो. मीटरवर शून्य यायला हवं. रेझिन संपत आलं की सिलिकेट लवकर निसटायला लागतं, आणि तपकिरी शेवाळाला नेमकं तेच हवं असतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर रेझिन फार लवकर संपतं, तेव्हा मीटर रोज बघा.

पाणी खारट करताना बहुतेक समुद्री मिठांना लिटरमागे 36 ते 38 ग्रॅम लागतात. लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे 25 अंशांवर शुद्ध पाण्याच्या तुलनेत 1.025 ते 1.026 घनता. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण वरच्या टोकाला तो चुकीचं दाखवू शकतो. घरच्या घरी तपासणीचं द्रावण करता येतं: 36.5 ग्रॅम साधं मीठ आणि 963.5 ग्रॅम शून्य टीडीएसचं पाणी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे सहज मोजलं जातं, आणि या द्रावणाचं रीडिंग बरोबर 35 यायला हवं. माशाला क्षारता थोडी इकडेतिकडे झालेली सोसते. गोगलगायीला सोसत नाही, कारण तिच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबरच बदलतं.

मग वाट बघणं. नव्या टाकीत जिवाणू रुजून अमोनिया चढून उतरायला आणि पाठोपाठ नायट्राइट उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात एकही गोगलगाय आणायची नाही. टाकी रिकामी असते, दिवे लागलेले असतात, घरचे रोज विचारतात की मासे कधी येणार. ही अस्वस्थता सगळ्यांनाच येते, आणि घाईची खरेदी नेमकी याच आठवड्यांत होते.

सप्टेंबरच्या मध्याला रेतीवर तपकिरी धूळ बसायला लागली. बोट फिरवलं की उडते, काचेवरून कापसाने निघते. हे डायटम. नव्या टाकीत येतात आणि पाणी शुद्ध असेल तर काही आठवड्यांत ओसरतात. यांच्यासाठी फौज आणली की महिन्याभरात डायटम संपतात आणि फौज उपाशी राहते. शेवाळ नीट ओळखल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही, हे इथेच पक्कं झालं. त्यामुळे निवडीआधी ओळखीबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

काचेवरचा हिरवा पातळ थर आणि दगडावरचं आखूड हिरवं केसाळ शेवाळ, ही दोन गोगलगायींची कामं. केस इंचभर लांब झाले की बहुतेक गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. तेव्हा आधी हाताने उपटायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, त्याच वेळी अर्ध्या इंची नळीने ओढून बाहेर काढायचं, आणि मग उरलेला खुंट जीवांवर सोडायचा. पिसासारखी बाजूला फुटवे असलेली पातळ पानं दिसली तर ते ब्रायोप्सिस. ते आवडीने खाणारे जीव फारच थोडे. काचेच्या मण्यांसारखे हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. एमरल्ड खेकडा ते खातो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तो कॅरिबियन समुद्रातला, इथे क्वचितच मिळतो. फुगे थोडे असतील तर मुळाशी नख घालून, न फोडता, नळीच्या तोंडाशी धरून काढणं हाच स्वस्त उपाय.

लाल-जांभळी चिकट साय दिसली तर ते शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, आणि ते पोटभर खाणारं कोणी नाही. साय ओढून काढायची, तिथला प्रवाह वाढवायचा, खाणं कमी करायचं. सगळ्यांत घातक म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दिव्याखाली पुन्हा जास्त. यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाल्ल्यावर गोगलगायी पटापट मरतात. डायटम की डायनो हे घरी असं बघता येतं: थोडा चिखल टाकीच्या पाण्यासह छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा तंतू जमून गोळा झाला तर डायनो. पाणी तसंच गढूळ राहिलं किंवा धूळ खाली बसली तर डायटम. डायनो निघाले तर क्लीनअप क्रूची ऑर्डर पुढे ढकला.

दगडावर गुलाबी-जांभळा टणक थर चढताना दिसला तर ते कोरलाइन शेवाळ. ते हवंच असतं, घासू नका.

ऑक्टोबर लागला तेव्हा डायटम ओसरले होते, काचेवर दर तीन-चार दिवसांनी हिरवा थर येत होता आणि दोन दगडांवर आखूड केस उगवले होते. नायट्रेट 10 पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट 0.1 च्या खाली. आता खाणाऱ्यांना काम होतं.

इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या अमेरिकेत लिहिलेल्या आहेत. अॅस्ट्रिया गोगलगाय, निळ्या पायांचा हर्मिट, स्कार्लेट हर्मिट, एमरल्ड खेकडा, हे सगळे अटलांटिक-कॅरिबियन बाजूचे, तिकडे स्वस्त आणि ताजे. आपल्याकडे येतो तो माल बहुतेक हिंद-प्रशांत महासागरातला: ट्रोकस, टर्बो, सेरिथ, नॅसेरियस या गोगलगायी, टक्सीडो अर्चिन, लॉनमोअर ब्लेनी मासा. यादी उलटी करून बघितली, म्हणजे आधी मिळतं काय आणि मग त्यातलं हवं काय, की निवड बरीच सोपी होते.

ट्रोकसला पहिली पसंती दिली. शंकूसारखा शंख, काच आणि दगड दोन्हीकडे चरते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रियाला ते जमत नाही, टर्बोलाही बऱ्याचदा जमत नाही. उलटी पडलेली गोगलगाय रात्रभरात खेकड्याचं जेवण होते. टर्बो केसाळ शेवाळ ट्रोकसपेक्षा भराभर खाते हे खरं, पण ती मोठी होते, वाटेतले सैल दगड पाडत जाते आणि 160 लिटरमध्ये तिचं पोट भरत नाही. चार फुटांच्या पुढच्या टाकीला घ्यावी. 'मेक्सिकन टर्बो' या नावाने मिळालीच तर ती थंड पाण्यातली आहे हे लक्षात ठेवा. आपल्या 26-27 अंशांत ती फार टिकत नाही.

सेरिथ लहान, लांबट, टोकदार. रेती आणि दगडाच्या सांध्यात, जिथे ट्रोकस पोचत नाही, तिथे रात्री काम करते. नॅसेरियस शेवाळ खातच नाही. तिचं काम उरलेलं मांसाहारी खाणं आणि रेती हलती ठेवणं. दिवसभर ती रेतीत गाडलेली असते, नुसती सोंड वर दिसते. कोळंबीचा बारीक तुकडा टाकला की काही सेकंदांत रेती चार ठिकाणी फुगते, सोंडा आधी वर येतात, मग शंख, आणि सगळ्या वासाच्या दिशेने सरपटत निघतात. शेवाळासाठी म्हणून कोणी नॅसेरियस विकत असेल तर त्याला विषय कळत नाही किंवा माल खपवायचा आहे.

हर्मिट टाळले. ते शेवाळ थोडं खातात, पण शंख बदलण्यासाठी जिवंत गोगलगायीला मारतात. घ्यायचेच असतील तर दोन-तीनच घ्या, आणि प्रत्येकासाठी त्याच्यापेक्षा थोडे मोठे दोन-तीन रिकामे शंख टाकीत ठेवा. शंख उकळून घ्यायचे, रंगवलेले किंवा पॉलिश केलेले नकोत. रेती चाळणारा स्टारफिशही नाही घेतला. तो रेतीतले सूक्ष्म जीव खातो, इतक्या लहान टाकीत ते लवकरच संपतात, मग तो काही महिन्यांत उपासाने विरघळतो. सी हेअर (मऊ अंगाची मोठी समुद्री गोगलगाय) केसाळ शेवाळ झपाट्याने खाते, पण शेवाळ संपलं की तीही संपते, आणि पंपात ओढली गेली तर सगळ्या टाकीला धोका. एकाच टाकीसाठी नको. गावात चार जण मिळून आळीपाळीने फिरवणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता कायद्याचा भाग. रेती साफ करायला 'सी ककंबर' (समुद्री काकडी) देणारे विक्रेते आजही आहेत. 2001 पासून सगळे सी ककंबर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दगड बनवणारी सगळी प्रवाळंही त्याच अनुसूचीत, म्हणून समुद्रातला लाइव्ह रॉक नको असं वर म्हटलं. पहिल्या अनुसूचीतल्या जिवासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. गोगलगायींतही गोम आहे: ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या दोन मोठ्या जाती कायद्याने संरक्षित आहेत. टाकीत ठेवायची ट्रोकस दोन इंचांच्या आसपास थांबते, निलोटिकस त्याच्या दुप्पट-तिप्पट होते. पण पिल्लू असताना फरक चटकन कळत नाही. म्हणून बिलावर नुसतं 'स्नेल – 6 नग' चालवून घेऊ नका. शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले अनुसूची क्रमांक उतरवून घेऊ नका. परदेशी जीव साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. वर निवडलेल्या गोगलगायींना ती लागत नाही, पण टाकी वाढवत नेणाऱ्यांनी हे माहीत असू द्यावं. वन विभागाचं राज्याचं मुख्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सला आहे. शंका असेल तर शास्त्रीय नावांची यादी जोडून तिथे लेखी विचारावं. फक्त डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत त्या बाजूला जाऊ नका, रस्ते बंद असतात.

खरेदीला तीन वाटा होत्या. शहरातलं दुकान ऑर्डरवर मागवून देतं: दर जास्त, पण वाटेत मेलेल्याची जोखीम दुकानदाराची. दुसरी वाट मुंबई, क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याकडचे विक्रेते, रात्रीच्या गाडीने किंवा ट्रॅव्हल्सने. तिसरी चेन्नई, जिथे कोळत्तूर हा शोभेच्या माशांचा मोठा बाजार आहे. चेन्नईहून नागपूर रेल्वेने सुमारे 1,100 किलोमीटर. निवड जास्त म्हणून चेन्नई ठरवली, पण तारीख बघून. 12 ऑक्टोबरला दसरा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांची स्टेशनवर आधी-नंतर काही दिवस प्रचंड गर्दी असते, आणि पुढे दिवाळीचं पार्सल सुरू होतं. मधल्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, माल मागवला. हवामानाच्या दृष्टीनेही नागपूरला दोनच खिडक्या बऱ्या: ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी. मे महिन्यात पार्सलचा डबा प्लॅटफॉर्मवर तासभर राहिला तरी आतलं पाणी चाळिशीकडे जातं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हाही साधा थर्माकोल पुरत नाही.

ऑर्डर आणि दर असे होते: ट्रोकस 6, प्रत्येकी 280 रुपये. सेरिथ 8, प्रत्येकी 120. नॅसेरियस 4, प्रत्येकी 150. एकूण 3,240. पॅकिंग आणि वाहतूक 900. म्हणजे मालाच्या पाव हिश्शाहून जास्त भाडंच. दोघा-तिघांनी मिळून एकच डबा मागवला तर हे वाटून जातं. दर हंगामाप्रमाणे आणि आयातीप्रमाणे बरेच हलतात, तेव्हा याकडे अंदाज म्हणूनच बघा.

फोनवर विचारायच्या गोष्टी: तुमच्या टाकीची घनता किती? जीव तुमच्याकडे किती दिवसांपासून आहेत? ट्रोकस काचेला चिकटलेल्या आहेत का, की तळाशी पडलेल्या? व्हिडिओ मागवा. त्यात काचेवर फिरणारी गोगलगाय दिसली पाहिजे. मेलेल्या जीवाचे पैसे परत मिळण्याची अट काय, आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ किती वेळात पाठवायचा, हेही लेखी घ्या. पार्सलची मूळ पावती मालाच्या आधी हातात येणं अवघड असतं. त्यामुळे बुकिंग तुमच्या नावाने आधार कार्डाप्रमाणे करून, फोटो आणि ओळखपत्रावर माल सुटेल का, हे विक्रेत्याने बुकिंगच्या खिडकीवरच विचारून घ्यावं. गाडी आल्यावर पार्सल ऑफिसात डबा पोचेपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो. सोबत थर्मामीटर न्या, म्हणजे घरी पोचेपर्यंत मनात नुसते तर्क चालत नाहीत.

विक्रेत्याने घनता 1.019 सांगितली होती. आपल्याकडे अनेक दुकानं पाणी मुद्दाम पातळ ठेवतात: मीठ वाचतं आणि माशांवरचे परजीवी दबून राहतात. पण तिथली गोगलगाय एकदम 1.025 मध्ये टाकली तर धक्का बसतो आणि ती पुढच्या दोन-चार दिवसांत मरते. नवा माणूस समजतो की टाकीत काही बिघाड आहे.

उपाय औषधाच्या दुकानात आहे. सलाईनचा सेट, वीस-पन्नास रुपयांना मिळतो. सुई काढून टाकायची, वरचं टोक टाकीत, खालचं टोक बादलीत, मधल्या चाकाने थेंब ठरवायचे. बहुतेक सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, सेटच्या पाकिटावर ते छापलेलं असतं. सेकंदाला दोन थेंब ठेवले तर तासाला 360 मिलिलिटर. पिशवीतलं पाणी अर्धा लिटर असेल तर पहिल्या तासाअखेर घनता 1.0215 च्या जवळ येते. अर्धं पाणी फेकून द्यायचं, पुन्हा तासभर थेंब: 1.023. पुन्हा अर्धं फेकून तिसरा तास: 1.024. मग टाकीत. मध्ये मध्ये पाणी फेकण्याचा दुसरा फायदा असा की, वाटेत साचलेला अमोनियाही निघून जातो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (पीएच) खाली असतो आणि अमोनियाचं विष दबून राहतं. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया जाच करायला लागतो. म्हणून पिशवी उघडून ठेवून चहा प्यायला जाऊ नका, उघडली की लगेच थेंब सुरू करा. ओल्या कागदात गुंडाळून आलेल्या गोगलगायींसाठी विक्रेत्याच्या घनतेचं लिटरभर पाणी आधी तयार ठेवावं.

थेंब चालू असताना प्रत्येक शंख टूथब्रशने घासून घेतला. शंखावर तीन गोष्टी बघायच्या: तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी, या मोठ्या गोगलगायीचं रक्त शोषणाऱ्या परजीवी असतात; छोट्या तपकिरी फुलासारखं आयप्टेशिया, हा डंख मारणारा, भराभर पसरणारा जीव; आणि हिरवे फुगे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. टाकीत मासे असतील तर शंखाला चिकटून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीचे कोषही येऊ शकतात. काटेकोर लोक यासाठी गोगलगायी मासे नसलेल्या वेगळ्या टाकीत 76 दिवस ठेवतात. इथे मुख्य टाकीतच मासे नव्हते, त्यामुळे ती टाकीच क्वारंटाइन ठरली आणि पहिले मासे जानेवारीनंतर आले.

पहिल्या आठवड्यात दोन सेरिथ मेल्या. गोगलगाय दोन दिवस हलली नाही म्हणजे मेली असं नाही. पाण्याबाहेर काढून दार बघा: बोट लावल्यावर झाकण आत ओढलं तर जिवंत. पाय लोंबकळत असेल आणि नाकाला झोंबणारा सडका वास आला तर लगेच बाहेर. शंका असेल तर टाकीच्याच पाण्याच्या वाटीत अर्धा तास ठेवून बघा.

नोव्हेंबरभर काचेवर ट्रोकसच्या जिभेचे नागमोडी पट्टे दिसत होते. बाहेरून भिंग धरलं तर जीभ किसणीसारखी पुढे येऊन हिरवा थर खरवडते आणि आत जाते, हे स्पष्ट दिसतं. सेरिथने काचेवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा काढल्या. ती अंडी असतात, घाबरून औषध घालू नका. महिन्याअखेरीस काच आठवड्यातून एकदा पुसून भागू लागलं. याच सुमारास विक्रेते "अजून दहा घ्या" म्हणून फोन करतात. नको म्हणा. 'गॅलनमागे एक गोगलगाय' हा हिशोब विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. जास्त आणल्या तर शेवाळ संपतं, त्या मरतात, सडतात, आणि त्याच अमोनिया-फॉस्फेटवर नवं शेवाळ उगवतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये दुसरी ऑर्डर, कारण दगडांच्या मागच्या बाजूला केसाळ शेवाळ टिकून होतं. टक्सीडो अर्चिन 1,800 रुपये. निवडताना काटे ताठ हवेत, गळणारे किंवा झुकलेले नकोत, आणि बारीक नळीसारखे पाय काचेला घट्ट धरलेले हवेत. लांब काट्यांचा काळा डायडेमा आपल्या समुद्रातलाच आणि स्वस्त असतो. पण त्याचे काटे फूटभरापर्यंत जातात आणि टोचले की दुखतात, तीन फुटी टाकीत हात घालणं मुश्किल होतं. टक्सीडो रिकामे शंख, खडे, जे सापडेल ते डोक्यावर घेऊन फिरतो, सैल वस्तू चिकटवून ठेवा. तो शेवाळाबरोबर कोरलाइनही खरवडतो आणि दगडावर पांढरे पट्टे राहतात. हा सौदा मान्य असेल तरच घ्या. लॉनमोअर ब्लेनीही यादीत होता, पण त्याला जुनी, भरपूर चराऊ दगडांची टाकी लागते. नव्या टाकीत पोट आत जाऊन तो झुरतो, आणि अनेकदा गोळ्यांचं खाणं शिकतच नाही. वर्ष पूर्ण झाल्यावर बघू.

अर्चिनने मागचं शेवाळ संपवलं आणि मार्चअखेरीस त्याला खाणं कमी पडायला लागलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, रात्री दिवे गेल्यावर, दोन इंची नोरीचा (वाळवलेल्या खायच्या समुद्री शेवाळाचा) तुकडा रबरबँडने दगडाला बांधून ठेवला जातो आणि उरलेला सकाळी काढला जातो. नोरी साधीच हवी, तेल-मीठ-मसाला लावलेली नाही. नोरी नसेल तर पालकाचं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून चालतं.

एप्रिल-मे हीच नागपूरची खरी परीक्षा. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) 26 अंशांवर लावलेला, तरी पंखा आणि कोरड्या हवेने दिवसाला चारेक लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. 160 लिटरमधून चार लिटर गेले की 35 चे 35.9 होतात, दोन दिवस कोणी बघितलं नाही तर 36.8. मासे काही बोलत नाहीत, गोगलगायी काचेवरून गळून खाली पडायला लागतात. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावणं परवडत नसेल तर काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ शून्य टीडीएसचं साधं पाणी तिथपर्यंत भरा, खारट पाणी नाही. डेझर्ट कूलर त्याच खोलीत चालू असेल तर हवा दमट होते, पाणी कमी उडतं पण टाकीवरचा पंखा थंड करेनासा होतो. चिलर नसलेल्यांनी कूलर दुसऱ्या खोलीत ठेवावा. वीज गेली तर बॅटरीवरचा हवापंप लगेच लावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

जून लागला की डास. मच्छर पळवणाऱ्या लिक्विड मशीनमधली पायरेथ्रॉइड रसायनं खेकडे, झिंगे आणि माशांना अतिशय विषारी, त्यामुळे टाकीच्या खोलीत ती मशीन नकोच, जाळी लावा. महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, हवापंप बंद, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो, आणि टाकीवर ओलं फडकं. धूर विरल्यावर फिल्टरमध्ये ताजा कार्बन.

आज टाकीत माशांखेरीज ट्रोकस सहा, सेरिथ सहा, नॅसेरियस चार आणि एक अर्चिन आहे. दुसऱ्या ऑर्डरचं भाडं धरून खर्च साडेसहा हजारांच्या आसपास गेला, त्यात सलाईनचे सेट आणि नोरी धरलेली नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज लावलेला आहे, आणि ओव्हरफ्लोच्या खोबणीत कोणी उतरलंय का हे रोज सकाळी बघावं लागतं. ट्रोकस तिथे हमखास सापडते.